खंड एकोणीस

वासुदेव नेवाऱ्यांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून शर्ट वर केला, तेव्हा पलीकडे टाइप करत बसलेल्या बाईंनी हात थांबवले आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखं तिकडे बघायला सुरुवात केली.

"दाखव ना बे नीट, लाजतं काय," बरोबर आलेले गुणवंत तायवाडे म्हणाले. "साहेबाले दिसलं पाह्यजे."

मला दिसलं. कमरेच्या काळ्या करदोड्याला एक पितळी किल्ली घट्ट गाठ मारून बांधलेली होती. बाकी नेवारे म्हणजे सहा फूट उंचीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पण त्या क्षणी त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी शर्ट खाली केला, किल्ली जागेवर आहे ना हे वरूनच चाचपून पाहिलं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

नागपुरातलं हिवाळी अधिवेशन चालू होतं. मुंबईहून पत्र्याच्या पेट्यांत भरून आणलेल्या फायली, भाड्याची डुगडुगती टेबलं, प्रत्येक विभागाला मिळालेली एकेक खोली, आणि तिच्यात डोक्यावर माकडटोपी घालून बसलेले आम्ही मंत्रालयवाले. मी त्या वेळी कक्ष अधिकारी होतो. वीजजाळ्याच्या आधुनिकीकरणाचं विधेयक माझ्या टेबलावर होतं. गावोगावची उपकेंद्रं आणि खांबांवरचे स्विच शहरातल्या नियंत्रण कक्षाला जोडायचे, तिथं बसलेल्या माणसानं बटण दाबलं की शंभर किलोमीटरवरची लाइन बंद किंवा चालू व्हायची, असा तो सगळा बेत. विधेयकाचा मसुदा मराठीत मीच उभा केला होता आणि त्याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

तायवाडे आणि नेवारे दोघेही लाइनमन. यवतमाळकडच्या एका गावात एकाच टोळीत वीस वर्षं खांब चढलेले. कामगारांच्या शिष्टमंडळाबरोबर ते मंत्र्यांना भेटले. मंत्र्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे "सबनीसांकडे जा, ते लिहून घेतील" असं सांगून वाटेला लावलं. शिष्टमंडळातले बाकीचे मोर्चा बघायला निघून गेले. हे दोघे मात्र खरंच माझ्याकडे आले.

"लाइनीवर चढाच्या आधी खालचा स्विच पाडाचा," तायवाडे समजावून सांगू लागले. "त्याच्या दांड्याले कुलूप लावाचं. अन् किल्ली करदोड्याले. जो वर चढन त्याच्याच करदोड्याले. खाली उभा असन त्याच्याजवळ नाई, विंजिनेरजवळ नाई. कोनी कितीबी मोठा साहेब येवो, वरचा मानूस खाली उतरून गाठ सोडत नाई तोवर लाइन चालू होऊच शकत नाई."

"हा नियम आहे?" मी विचारलं.

"नियम कायचा जी. आमचं आमीच ठरवलेलं हाय. माया मामा लाइनमन होता, तवापासून चालू हाय."

"आणि कधी चूक नाही झाली?"

"हा असल्यावर?" तायवाड्यांनी नेवाऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. "हा खांबाखाली तीनदा चाचपते, मंग वर जाऊन एकदा चाचपते. टोळीतले लोक याले तिजोरीवाला म्हंतेत."

नेवारे ओशाळून हसले. मग पहिल्यांदाच बोलले. "मी वर असतो न साहेब. खालचं मले दिसत नाई. म्हनून."

"आता तुमचा हा कायदा येते," तायवाडे पुढे म्हणाले. "शहरात बटन दाबलं का आमच्या शिवारातला स्विच हालते. चांगलंच हाय. पावसापान्यात आमची पायपीट वाचन. पन मंग आमी कुलूप कोनाले लावाचं? कम्प्युटरले?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या मसुद्यात नव्हतं. चौपन्न खंडांत कुठंच नव्हतं. विधेयकात नियंत्रण कक्ष होता, मीटर होते, माहितीची देवाणघेवाण होती, अपिलाची मुदतही होती. खांबावर चढलेला माणूस तेवढा नव्हता. मला आधी जरा राग आला, मग लाज वाटली, आणि मग मसुदे लिहिणाऱ्याला नवी खोच सापडल्यावर होतो तो आनंद झाला.

"बसा," मी म्हणालो. "आत्ताच लिहू."

दुपारचे दोन तास आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य लिहिलं. नेवाऱ्यांनी खिशातून बोरांचा पुडा काढून फायलीवर उलटा केला होता. मी वाक्य वाचून दाखवायचो, तायवाडे त्यात भोक पाडायचे आणि नेवारे बी थुंकत मान हलवायचे.

"'संबंधित कर्मचाऱ्याच्या ताब्यात' असं लिवलं तुमी," तायवाडे म्हणाले. "संबंधित तं विंजिनेरबी असते. तो येऊन म्हनन, मीच संबंधित, आन इकडे किल्ली."

मी ते खोडलं. 'काम करणाऱ्या व्यक्तीच्या' असं केलं.

"काम तं खाली दोर धरून उभा असलेलाबी करते."

शेवटी वाक्य असं झालं: 'दूरस्थ नियंत्रणाखालील कोणत्याही वाहिनीवर काम सुरू असताना, जी व्यक्ती प्रत्यक्ष खांबावर चढून काम करीत असेल तिच्याकडील किल्लीने त्या ठिकाणचे कुलूप उघडल्याशिवाय, ती वाहिनी नियंत्रण कक्षातून किंवा अन्य कोठूनही चालू करता येणार नाही.'

मी ते मोठ्यानं वाचलं. तायवाड्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नेवारे पुढे झुकले. "ते 'चढून' हाय न साहेब, ते राहू द्या. ते खोडू नका."

"नाही खोडत," मी म्हणालो.

नोकरीत मी हजारो वाक्यं लिहिली. त्यातलं हे एकच मला अजून तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसुदा घेऊन उपसचिव मिरजकर साहेबांकडे गेलो. मिरजकर साहेब हुशार माणूस, मराठी सुंदर लिहिणारे आणि कुणावरही आवाज न चढवणारे. त्यांनी नवा खंड एकोणीस वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"सबनीस, वाक्य छान आहे."

"थँक यू, सर."

"पण कायद्यात तत्त्व असतं हो. कुलूप नसतं."

"स्विचची निविदा निघालेली आहे. त्यात अशा कुलपाची सोय नाही. उद्या कायद्यात हे आलं की सगळं पुन्हा मागे. तांत्रिक समितीकडे जाणार, मग वित्त विभागाकडे. शनिवारी अधिवेशन संपतंय. म्हणजे विधेयक पुढच्या अधिवेशनात, आणि पुढच्या अधिवेशनात मंत्री हेच असतील की नाही, ते तुम्हाला ठाऊक आणि मलाही."

"सर, पण मुद्दा खरा आहे त्यांचा."

"मुद्दा खरा आहे, म्हणूनच नियमात घेऊ. कायदा झाला की सहा महिन्यांत नियम करू. तिथं कुलूप लिहा, किल्ली लिहा, करदोडासुद्धा लिहा. मी अडवणार नाही. इथं तेवढं 'विहित' करून टाका."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं करायचं होतं. आम्हा मसुदेवाल्यांत 'विहित करणं' म्हणजे आत्ता नुसतं दार ठेवायचं आणि नंतर नियम करून आत सामान भरायचं. आमच्या लेखी दार असलं की घर झालंच. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली की त्यात काही गैर आहे, असं कुणाच्या मनातही येत नसे.

मी टेबलावर परत आलो आणि पंधरा मिनिटांत नवा खंड एकोणीस लिहिला: 'दूरस्थ नियंत्रणाखालील वाहिन्यांवर काम करणाऱ्या व्यक्तींच्या सुरक्षिततेकरिता, विहित करण्यात येईल अशा रीतीने, योग्य ती व्यवस्था करण्यात येईल.' त्यात कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. मिरजकर साहेबांनी वाचून "वा!" म्हटलं. खरं सांगतो, त्या "वा"नं मी सुखावलो.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते दोघे पुन्हा आले. छपाईची प्रत मुद्रणालयाकडे निघालेली, टंकलेखिका बाई दोनदा रडून झालेल्या, आणि मला तीन ठिकाणांहून एकाच वेळी बोलावणं आलेलं. तायवाडे दारातच थांबले. गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेसहाला होती.

"आलं का जी?" त्यांनी तिथूनच विचारलं.

या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं असतं. म्हणता आलं असतं की, तुमचं वाक्य गेलं. त्याच्या जागी सरकारनं नंतर काहीतरी करायचं कबूल केलंय. तोवर तुमची किल्ली सोडू नका. तीन वाक्यं. एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, "काहून?" आणि मला निविदा, वित्त विभाग, शनिवार हे सगळं सांगावं लागलं असतं. शिवाय आणखी एक होतं, ते इतकी वर्षं मी स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. परवा दुपारी त्या दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती मला मोडायची नव्हती. मुंबईच्या साहेबानं आपलं ऐकलं, ही ती नजर.

"आलंय," मी म्हणालो.

"कितव्या नंबरले?"

"एकोणीस."

तायवाड्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. नेवारे त्यांच्या मागे उभे होते. निघता निघता वळून त्यांनी विचारलं, "'चढून' राह्यलं न, साहेब?"

"अहो, सगळं आहे," मी म्हणालो. "जा निश्चिंत."

त्यांनी हात जोडले. मीही घाईघाईनं जोडले आणि पुढच्या बोलावण्याकडे पळालो.

शनिवारी विधेयक मंजूर झालं. कुठल्याशा वेगळ्याच प्रश्नावर सभागृहात गोंधळ चालू होता, बरेच सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले होते. त्या गदारोळात एकामागून एक विधेयकं मताला टाकली गेली. आमच्या आता पंचावन्न झालेल्या खंडांना अकरा मिनिटं लागली. खंड एकोणीसवर कुणीही बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं काही मी ठेवलंच नव्हतं.

नियमांचं काय झालं, तेही सांगतो. मिरजकर साहेब मार्चमध्ये बदलून गेले. मंत्री जूनमध्ये गेले. नियमांचा कच्चा मसुदा मी केला, त्यात कुलूप आणि किल्ली दोन्ही घातलं. तो तांत्रिक अभिप्रायासाठी गेला, अभिप्राय आला, त्यावर शंका निघाली, शंका परत गेली. पुढच्या वर्षी माझीही बदली झाली, जनावरांच्या दवाखान्यांचं टेबल मिळालं. फाइल हस्तांतर करताना मी यादीत एक ओळ लिहिली: 'नियमांचा मसुदा विचाराधीन.' तिथून मी लाळ्या-खुरकुताच्या लसींत बुडून गेलो.

अधिवेशनानंतर चार वर्षांनी, मंत्रालयात अभ्यागतांना सोडतात त्या वेळेला, तायवाडे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांना लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, गळ्यात मफलर, हातात प्लास्टिकची पिशवी.

"अरे, या या! बसा. एकटेच? नेवारे नाही आले?"

"तो नाई आता," तायवाडे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. बदली झाली असेल, असं वाटलं. मग त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि बसून, एकेक वाक्य तोडून सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. झाली गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते, आणि म्हणूनच ते ऐकणं फार कठीण होतं.

"मागच्या साली आमच्याकडे स्विच हालवाच्या मोटरी बसल्या खांबाखांबाले. आमी आपले जुने कुलपं दांड्याले लावतच होतो. पन कुलूप असलं अन् तिकडून बटन दाबलं, का मोटर अडकून जळे. तीन मोटरी जळल्या. मंग वरून पत्र आलं, कुलपं काढा. कोनी ऐकेना. वासुदेव तं ऐकाचाच नाई. तीन महिने त्यानं किल्ली देल्ली नाई. विंजिनेर मायाकडे आला. म्हने, तायवाडे, तुमचंच ऐकन तो, समजवा त्याले."

"मग?"

"मंग मीच सांगतलं. म्हनलं, बाबू, आता कायद्यात हाय. एकोनीस नंबरले हाय. वरचा मानूस उतरल्याबिगर तिकडच्यायले लाइन चालू करताच येत नाई. करन तं जेलात जाईन. आपल्यासमोर साहेबानं सांगतलं का नाई? 'चढून' राह्यलं म्हनून तूच तं इचारलं होतं." तायवाडे थांबले. "तवा त्यानं करदोड्याची गाठ सोडली जी. कुलपं जमा झाले."

ऑक्टोबर महिना, सकाळी साडेदहा. एकाच लाइनवर दोन ठिकाणी काम चालू होतं. दोन्ही टोळ्यांनी नियंत्रण कक्षाला फोन करून लाइन बंद करून घेतलेली. पलीकडच्या टोळीचं काम आधी आटोपलं. त्यांनी फोन केला, "झालं." शहरातल्या माणसाला वाटलं, सगळ्यांचंच झालं. त्यानं बटण दाबलं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी टाकायला नेवारे नुकते वर पोचले होते.

"मी खालीच होतो," तायवाडे म्हणाले. शिपायानं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

मग त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. प्राथमिक चौकशी अहवालाची प्रत होती. शेवटच्या परिच्छेदाखाली पेनानं रेघ मारलेली: 'सदर अपघात मयताने स्थानिक खबरदारी न घेतल्याने, म्हणजेच मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे दिसून येते.'

"माई बढती अडवली, ते जाऊ द्या. पन हे पाहा काय लिवलं," तायवाडे म्हणाले आणि त्या शब्दावर बोट टेकवलं. "निष्काळजी. वासुदेव! साहेब, तुमी पाह्यला हाय तो. त्याच्यापेक्षा काळजीवाला मानूस आमच्या अख्ख्या सर्कलमंधी नव्हता. त्याची बायको शाळेत सैपाक करते. तिले कोनी हे वाचून दाखवलं. तवापासून ती एकच इचारते, 'भाऊजी, ह्यायनं खरंच हलगर्जी केली काय?' म्या चौकशीत सांगतलं, कायद्यात हाय म्हनून त्यानं किल्ली सोडली. ते म्हने, दाखवा कुठी हाय. मले सापडत नाई जी. तुमी दाखवा."

पिशवीतून त्यांनी छापील अधिनियम काढला आणि एकोणिसावं कलम, म्हणजे विधेयकातला आमचा खंड एकोणीस, उघडून माझ्यापुढे ठेवला. वारंवार उघडून त्या पानाची घडी पडली होती.

मी ते कलम वाचून दाखवलं. माझंच वाक्य. वाचताना ते मला परक्यासारखं वाटलं.

"विहित म्हंजे?" तायवाड्यांनी विचारलं.

"म्हणजे... नंतर नियम करून ठरवायचं."

"मंग ते नियम कुठी हाय?"

"झाले नाहीत अजून."

"चार वर्सात?"

"चार वर्षांत."

"अन् आपलं ते वाक्य? आपन तिघायनं लिवलं होतं ते?"

"ते दुसऱ्याच दिवशी काढलं, तायवाडे. मीच काढलं. मला सांगितलं होतं काढायला, पण हातानं मीच काढलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. अवघड हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहावा, तसे बघत राहिले.

"तुमी त्या दिवशी नाई म्हनले असते, तं बरं होतं," ते शेवटी म्हणाले. "आमाले नाई ऐकाची सवय हाय जी. नाई म्हनले असते तं आमी आपली किल्ली धरून बसलो असतो."

मला तोंड वर करवेना. लाज वाटली, हा शब्द फार तोकडा आहे. पण माझ्याजवळ तेवढाच आहे.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "झालं ते झालं. आता एक करा. अंतिम अहवाल अजून बाकी हाय. तुमी एक कागद लिवून द्या. जास्त नाई. 'मी यायले सांगतलं होतं का कायद्यात हाय,' एवढंच. म्हंजे वासुदेवच्या नावावरचा तो शब्द निंघन. माया नावावर टाकू द्या पाह्यजे तं."

"देतो," मी म्हणालो. "आत्ताच देतो. तुम्ही चहा घ्या, थंड झालाय, दुसरा सांगतो."

कोरा कागद पुढे ओढला तेव्हा माझ्या मनात खरोखरच ते एक वाक्य होतं. 'मी त्यांना सांगितले की तुमची तरतूद कायद्यात आहे, ती नव्हती.' पेन टेकवलं, आणि त्याच क्षणी मला अवर सचिवपदाची यादी आठवली. पुढच्या महिन्यात निघणार होती, तिच्यात माझं नाव चौथं होतं. एका अधिकाऱ्यानं विधेयकातल्या तरतुदीबद्दल बाहेरच्या लोकांना खोटं सांगितलं, त्यावर विसंबून एक माणूस गेला, आणि त्या अधिकाऱ्यानं हे स्वहस्ते लिहून दिलं. असला कागद यादीच्या आधी कुणाच्या टेबलावर गेला असता, तर काय झालं असतं, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

हात मात्र थांबला नाही. बावीस वर्षं लिहिणारा हात होता तो. त्यानं आपलं काम सुरू केलं.

'श्री. गुणवंत तायवाडे व कै. वासुदेव नेवारे यांनी सदर विधेयकाच्या वेळी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी अत्यंत मोलाच्या सूचना मांडल्या होत्या. सदर सूचनांचा त्या त्या स्तरावर यथोचित विचार करण्यात येऊन, अधिनियमाच्या कलम १९ मध्ये त्या अनुषंगाने तरतूद अंतर्भूत करण्यात आली. कै. नेवारे हे कर्तव्यदक्ष कर्मचारी असल्याचे माझ्या निदर्शनास आले होते. तरी चौकशीत या बाबी विचारात घेतल्या जाव्यात, ही विनंती.' असं दीड पान. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि जे एक वाक्य मागायला तो माणूस रात्रभर गाडीत बसून मुंबईला आला होता, तेही नव्हतं. खाली मी सुवाच्य सही केली.

तायवाड्यांनी कागद घेतला. ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचला. कर्तव्यदक्ष या शब्दावर बोट थांबलं. "हे चांगलं लिवलं," ते म्हणाले. मग शेवटपर्यंत गेले. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी विचारलं असतं तर मी बदललं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. त्यांनी विचारलं नाही.

"तुमची भाषा मले पुरी समजत नाई," कागदाची घडी करत ते म्हणाले. "पन तुमी सही केली म्हंजे झालं. आता मी तिले सांगतो, साहेबानं लिवून देल्लं म्हनून."

ते दारापर्यंत गेले. हाक मारायला तेवढा वेळ होता. मी हाक मारली नाही.

यादी निघाली, मी अवर सचिव झालो. आता तर निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली. ते नियम माझ्या निवृत्तीच्या वर्षी झाले एकदाचे. त्यात कुलूप आहे. कुणीतरी वर्तमानपत्राच्या चौकटीतल्या बातमीत त्याची स्तुतीही केली होती.

पण मला आठवतो तो त्याच्या कितीतरी आधीचा फोन. तायवाडे भेटून गेले, त्यानंतर आठ महिन्यांनी अंतिम अहवालाची प्रत माझ्याकडे आली. माझं पत्र त्यात जोडलेलं होतं म्हणून मला पाठवली होती. पान सहा. चौकशी अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की, कलम १९ मध्ये कुलपाची सक्ती असल्याचं आश्वासन कुणी दिलं होतं, असं श्री. सबनीस यांच्या पत्रातूनही दिसून येत नाही. सबब मयतानं पर्यायी व्यवस्थेची खात्री न करता प्रचलित खबरदारी सोडून दिली, हा निष्काळजीपणाच ठरतो. प्राथमिक अहवालात तिथं 'दिसून येते' असं होतं. माझ्या पत्रानंतर त्याचं 'ठरतो' झालं.

त्याच दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"तायवाडे बोलतो जी. आला का तुमाले तो कागद?"

"आला."

"नाई काढला त्यायनं तो शब्द. तुमचं नाव घेऊन काईतरी लिवलं हाय, म्या पाह्यलं. पन मानलं नाई तुमचं." पलीकडे कुठंतरी एसटी स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. ते आवाज चढवून बोलत होते. "तिलेबी म्या सांगतलं, वहिनी, साहेबानं आपल्या बाजूनं लिवलं होतं, पन वरच्यायनं ऐकलं नाई. ती म्हने, साहेबाले माया नमस्कार सांगा."

मी समोरचा अहवाल पालथा घातला. त्यांना माझीच दया आली असावी.

"तुमी वाईट नका वाटून घेऊ, साहेब," तायवाडे म्हणाले. "तुमच्या हातात होतं तेवढं तुमी केलं. त्यायलेच मानाचं नव्हतं."

"हो ना," मी म्हणालो. "बघा ना."